पेशींचा शेजार

मुंगीचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. लहानपणी पोहायला शिकताना ती बुडायची नाही आणि पुढेही सरकायची नाही. पाण्यात पडलेल्या मुंगीसारखी एकाच जागी हातपाय मारत तरंगत राहायची. काठावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या आत्याने तेव्हा तिला हे नाव दिलं. ते घरात रुळलं, शाळेत पोचलं आणि ती पेशींच्या प्रयोगशाळेत कामाला लागली तेव्हा तिथेही तिच्या आधी जाऊन बसलं.

आत्या पोहण्याची प्रशिक्षक. अर्ध्या गावाला तिने पाण्यात ढकललं आणि बाहेरही काढलं. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे वेळच वेळ होता आणि त्या वेळात ती प्रश्न विचारायची. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, चष्म्याच्या दुकानदाराला, डॉक्टरांना. उत्तर पटलं नाही तर मान तिरकी करून समोरच्याकडे नुसती बघत राहायची. त्या बघण्यापुढे भल्याभल्यांची भंबेरी उडे.

तिला ब्लड कॅन्सर झाला त्याला बरीच वर्षं झाली होती. सावकाश वाढणारा, उतारवयात होणारा प्रकार. पहिल्या औषधाने तो असा काही दबला की घरात त्याचं नावही कोणी काढेना. मग एका तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा पुन्हा चढलेला दिसला. तेच औषध पुन्हा सुरू केलं, पण या खेपेला आकडा ढिम्म हलला नाही. डॉक्टर म्हणाले, पेशी आता औषधाला दाद देत नाहीत.

"दाद देत नाहीत म्हणजे काय गं?" आत्याने मुंगीला विचारलं. "गाण्याची मैफल आहे का ती?"

दोघी आत्याच्या घराच्या गॅलरीत बसल्या होत्या. मुंगीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या रेझिस्टंट होतात."

"हेच डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, तू इंग्रजीत सांगितलंस. पण का होतात? तू तर दिवसभर त्याच पेशींत असतेस."

 मुंगी खरंच दिवसभर त्याच पेशींत असायची. त्या वाढवायच्या, मोजायच्या, त्यांच्यावर औषध घालायचं आणि किती मेल्या ते पुन्हा मोजायचं. 'रेझिस्टंट' हा शब्द तोंडात इतका बसला होता की त्याच्या आत काय आहे हे बघायचं राहूनच गेलं होतं. आत्या मान तिरकी करून बघत होती.

"सांगते शोधून," मुंगी म्हणाली. घरी जाताना तिच्या लक्षात आलं की असं वचन देणं म्हणजे हौसेने स्वतःच्या गळ्यात लोढणं बांधून घेणं.

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. लांबट खोली, भिंतीला लागून कपाटाएवढे इन्क्युबेटर, त्यांत शरीराइतकी ऊब आणि त्या उबेत चपट्या फ्लास्कमधून गुलाबी पाण्यात वाढणाऱ्या पेशी. या पाण्यात साखर, क्षार आणि पेशीला लागणारं बाकी सगळं असे. पेशी वेगवेगळ्या रुग्णांच्या रक्तातून आलेल्या असत, नाव नाही, फक्त नंबर. आत्यानेही आपलं रक्त दिलं होतं आणि माझं नाव मोठ्या अक्षरात लिहा असा आग्रह धरला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे 'बाई' म्हणत, हसून नकार दिला. नाव लिहिणार नाही आणि तो नमुना मुंगीच्या हातातही देणार नाही. नात्यातल्या माणसाच्या पेशी मोजताना डोळे खरं बोलत नाहीत, असं बाईंचं म्हणणं होतं.

त्या पेशींचं एक कोडं सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकट्या पेशी बशीत घालून वर औषध घातलं तर त्या पटापट मरत. इतक्या नाजूक की औषध नाही घातलं तरी काही दिवसांत आपोआप मान टाकत. पण हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या साध्या पेशी असतात. रक्ताच्या पेशींना आधार देणं, खाऊपिऊ घालणं, एवढंच त्यांचं काम. त्या शेजारणींचा थर बशीच्या तळाला सतरंजीसारखा पसरला आणि त्यावर कॅन्सरच्या पेशी सोडल्या, तर तेच औषध फिकं पडे. शेजार मिळाला की या जगत.

का जगतात, हे शोधायचं काम मुंगीने बाईंकडे मागून घेतलं. बाईंनी तिच्या जोडीला लंबूला दिलं.

लंबू इतका उंच होता की काम करायच्या काचेच्या पेटीपुढे बसला की गुडघे कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसे. त्याच्या कोटाच्या बाह्या कोपराच्या जरा खालीच संपत. खिशात पेनं, टोप्या, कधीकधी एखादी रिकामी नळीही असे. मुंगीचं सगळं उलटं. तिच्या नळ्या रांगेत, अक्षर छापल्यासारखं, प्रत्येक बाटलीवर तारीख. तिचं टेबल बघून आपल्या टेबलाची लाज वाटते, असं लंबू म्हणायचा आणि मग आपलं टेबल तसंच सोडून निघून जायचा. त्याची छोटी मुलगी पाळणाघरात असे आणि तिला आणायची वेळ टळून चालत नसे.

पहिला प्रश्न साधा होता. शेजारणी अंगाला अंग लावून वाचवतात की पाण्यात काही सोडतात? लंबूने शेजारणींवरचं गुलाबी पाणी काढलं, त्यात त्यांची एकही पेशी येऊ दिली नाही आणि ते पाणी एकट्या कॅन्सरपेशींवर घालून औषध दिलं. पेशी जगल्या. म्हणजे नुसतं पाणीही पुरे होतं. बाई खूश झाल्या आणि मुंगीला म्हणाल्या, हेच तू करून बघ.

मुंगीने केलं. पेशी मेल्या.

तिने पुन्हा केलं, अधिक काळजीने. पुन्हा मेल्या. लंबूने पुन्हा केलं, त्याच्या जगल्या. असं बरेच आठवडे चाललं. दर सोमवारी दोघं आपापले आलेख बाईंच्या खोलीतल्या पडद्यावर दाखवत. एकाचा डोंगर, दुसरीचं मैदान. बाकीची मंडळी आधी हसत, मग हसेनाशी झाली. कोणी उघड बोललं नाही, पण कौल कुठे होता हे सगळ्यांना कळत होतं. एकीकडे छापल्यासारख्या अक्षराची मुंगी, दुसरीकडे खिशात नळ्या घेऊन हिंडणारा लंबू. चुकणार कोण?

मुंगीचंही तेच मत होतं. एका सोमवारी आलेख दाखवून झाल्यावर बाहेरच्या बोळात लंबू म्हणाला की कदाचित तिच्या शेजारणी म्हाताऱ्या झाल्या असतील, नव्या वापरून बघ. तिच्या डोक्यात सणक गेली.

"माझ्या शेजारणी ठीक आहेत. तुला जे हवं असतं ते तुला दिसतं, एवढंच आहे," ती म्हणाली.

लंबू वळून आत गेला. शास्त्रज्ञाला याहून मोठी शिवी नाही हे दोघांनाही माहीत होतं. नंतर तो कानांत गाणी घालून काम करू लागला. पूर्वी पेटीच्या दिव्याला डोकं आपटलं की तो मुंगीकडे बघून ओशाळं हसायचा, तेही बंद झालं. मुंगीला वाईट वाटत होतं, पण आपण बरोबर आहोत याची खात्रीही होती. वाईट वाटणं आणि खात्री एकत्र आली की माणूस फार ताठ चालतो. तशी ती चालत होती.

शेवटी बाईंनी दोघांना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही दोघंही खोटं बोलत नाही असं मी धरून चालते. मग दोघांच्या हातात काहीतरी वेगळं आहे. शेजारी शेजारी बसा आणि तोंड न उघडता एकमेकांकडे बघत करा."

हा उपाय मुंगीला पोरकट वाटला. पण बाईंपुढे कोणाची मात्रा चालत नसे. एका सकाळी दोघं बसले. तेच फ्लास्क, त्याच शेजारणी, तेच औषध. लंबूने इन्क्युबेटरमधून फ्लास्क काढला, कोमट पाणी पिपेटने ओढलं, गाळलं आणि थेट कॅन्सरपेशींवर सोडलं. मुंगीनेही पाणी ओढलं, गाळलं, नळीत भरलं, नळीवर तारीख घातली आणि सवयीने फ्रिजकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मन शांत आणि हात ताजे असताना ती ते पाणी वापरत असे.

फ्रिजचं दार उघडून ती थांबली. मागून लंबू बघत होता. न बोलायची अट त्याने मोडली.

"तू ते ठेवून देतेस?"

"तू ठेवत नाहीस?"

"मला मुलीला आणायला जायचं असतं. दुसऱ्या दिवसावर काम ठेवलं की राहून जातं."

फ्रिजच्या उजेडात मुंगी नळीकडे बघत राहिली. नळीतलं पाणी गुलाबी, स्वच्छ, नितळ होतं. बघून कोणाला कळलं नसतं की त्यातून काहीतरी हळूहळू निघून जातंय. आतापर्यंत तिने प्रत्येक वेळी निगुतीने ते जाऊ दिलं होतं. अति तिथे माती म्हणतात, पण ही माती तर दिसतही नव्हती.

तिला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडूही होतं. ती लंबूकडे वळली. "मी तुला जे बोलले ते मागे घेते. चूक माझी होती आणि वर तोंडही माझंच सुटलं."

"चूक तुझी नाही, फ्रिजची आहे," लंबू म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण बोललीस ते लागलं होतं."

"माहीत आहे."

 लंबू कानांतली गाणी कायमची काढून तिच्या टेबलाशी आला आणि पुढचा महिना त्या दोघांच्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा गेला.

ठेवल्यावर नासतं असं ते काय? थंडीने नासतं म्हणावं तर उबेत ठेवलेलंही नासलं. उजेडाने म्हणावं तर काळ्या कागदात गुंडाळूनही तेच. मग लंबूने एका नळीतली हवा काढून टाकली, तिच्यात नायट्रोजन भरला आणि तोंड बंद केलं. ते पाणी दुसऱ्या दिवशीही गुणकारी राहिलं. म्हणजे नासवणारी होती हवा. हवेतला ऑक्सिजन.

इथे बाईंनी वाट दाखवली. पेशी औषधाने मरते ती कशी, तिथून सुरुवात करा, असं त्या म्हणाल्या. हे औषध पेशीच्या आत ऑक्सिजनच्या ठिणग्या उडवतं. ठिणग्या प्रत्येक पेशीत उडतात, चुलीजवळ उडतात तशाच, पण पेशीकडे त्या विझवायची सोय असते. विझवणाऱ्या पदार्थाचं नाव ग्लुटाथायोन. ते करायला कच्चा माल लागतो आणि त्यातला सगळ्यात दुर्मीळ जिन्नस म्हणजे सिस्टीन. आणि सिस्टीनची खोड अशी की हवा लागली की त्याचे दोन दोन कण एकमेकांना घट्ट मिठी मारून बसतात. गुलाबी पाण्यात, रक्तातही, ते बहुतेक असं जोडीनेच असतं. पण कॅन्सरच्या या पेशींना जोडीला आत घ्यायचं दार जवळपास नाहीच. सुटं सिस्टीन मिळालं तरच त्यांना घेता येतं.

मुंगी आणि लंबूने ते पाणी तपासायला पाठवलं. ताज्या पाण्यात सुटं सिस्टीन होतं, शिळ्यात नव्हतं. शेजारणींकडे ते दार होतं. त्या जोडी आत घेत, आत नेऊन ती सोडवत आणि सुटं सिस्टीन बाहेर सोडत. कॅन्सरपेशी ते उचलत, त्याचं ग्लुटाथायोन करत आणि औषधाच्या ठिणग्या विझवत बसत. आयत्या बिळावर नागोबा.

मग त्यांनी शेजारणींना सुट्टीच दिली. एकट्या पेशींना नुसतं ताजं सुटं सिस्टीन घातलं. पेशी जगल्या. मुंगीच्या हातून जगल्या आणि लंबूच्या हातूनही. पडद्यावर दोघांचे डोंगर एकावर एक ठेवले तेव्हा एकच दिसला. सोमवारच्या बैठकीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लंबूने पडद्यापुढून उठताना प्रोजेक्टरला डोकं आपटलं.

त्याच संध्याकाळी मुंगी आत्याकडे गेली. कधी सांगते असं तिला झालं होतं. गॅलरीत बसून तिने सगळं सांगितलं. ठिणग्या, विझवणारं ग्लुटाथायोन, मिठी मारणारं सिस्टीन, दार असलेल्या शेजारणी आणि दार नसलेले चोर. आत्या अधूनमधून थांबवत होती. शेजारणींना कळतं का आपण कोणाला वाढतोय? नाही कळत. त्या सगळ्यांनाच देतात का? बहुधा, त्यांचं कामच ते आहे. मग औषधाने शेजारणी का मरत नाहीत? त्यांच्याकडे विझवायची सोय भरपूर असते म्हणून.

"हे जे विझवणं आहे," आत्याने विचारलं, "त्यालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात का?"

"हो."

"मग दादा मला ज्या गोळ्या देतो, त्यांच्या डब्यांवरही हाच शब्द आहे."

दादा म्हणजे आत्याचा मुलगा, मुंगीचा आत्तेभाऊ. आईचा आजार उलटल्यापासून त्याने घरात डब्यांची रांग लावली होती. ताकदीसाठी, रक्तासाठी, पेशींच्या आरोग्यासाठी. डब्यांवर हिरवी पानं आणि हसरी म्हातारी माणसं. मुंगीने ते डबे कितीदा पाहिले होते, उचलून बाजूला ठेवून तिथे आपली पर्सही ठेवली होती. आता ती उठून आत गेली आणि एकेक डबा फिरवून वाचू लागली. त्यांतल्या एकावर तर चक्क ग्लुटाथायोनचं नावच होतं.

तो डबा तिने रांगेतून बाजूला काढला. पण आपल्याला नेमकं काय माहीत आहे, हेही तिने तिथेच उभ्या उभ्या स्वतःला विचारलं. बशीतल्या पेशी माहीत होत्या. तोंडाने घेतलेली गोळी पोटातून कुठवर जाते, हाडाच्या मगजात पोचते की नाही, हे माहीत नव्हतं. सुतावरून स्वर्ग गाठायचा मोह होत होता, आणि बशीतल्या सुताचा अनुभव तिला नुकताच आला होता.

"डॉक्टरांना विचारू," ती आत्याला म्हणाली. "आपण दोघी जाऊ."

"दादालाही घेऊन," आत्या म्हणाली. "त्याच्या पाठीमागे नको."

डॉक्टरांनी डबे टेबलावर मांडून घेतले आणि बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले की या गोळ्यांमुळेच औषध लागू पडलं नाही असं म्हणायला त्यांच्याकडे काहीही पुरावा नाही, आणि त्यांचा काहीच संबंध नाही असंही छातीठोक सांगता येणार नाही. पेशी औषधाला सरावतात त्याची कारणं अनेक असतात, हे डबे घरात नसलेल्या माणसांच्याही सरावतात. पण उपचार चालू असताना, जे मी दिलेलं नाही ते घेऊ नका. आणि जे घेता ते मला आधी सांगा. एवढंच.

दादाने डबे एकेक करून परत पिशवीत भरले. बाहेर आल्यावर आत्या औषधाच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली आणि तो मुंगीला घेऊन जिन्याशी गेला. त्याच्या हातात डब्यांची पिशवी तशीच होती.

"खरं सांग. मी आईला विष देत होतो का?"

मुंगीला नाही म्हणणं सोपं होतं. तेवढ्याने त्याचा चेहरा सैल झाला असता. "मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "विष नाही, एवढं नक्की. नुकसान झालं का, ते मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, बहुधा कोणालाच सांगता येणार नाही. तू कळवळ्याने दिलंस. कळवळ्याचा आणि याचा काही संबंध नाही, हेच वाईट आहे."

"तुम्ही लोक इतकं शिकता आणि शेवटी माहीत नाही म्हणता."

"हो. पण आधी आम्हाला काय माहीत नाही हेही माहीत नव्हतं."

तो हसला नाही. पिशवी उचलून त्याने ती कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर धरली, मग विचार बदलून परत हातात घेतली. रांगेतून आत्या आली आणि तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली.

"चल, घरी जाऊ," ती त्याला म्हणाली. "तू डबे आणलेस म्हणून मी रोज सकाळी वेळेवर उठत होते. नाहीतर पडून राहिले असते. तेही धर ना हिशेबात."

दादा तिच्या मागोमाग खाली उतरला. काही दिवस तो मुंगीशी जरा तोडूनच बोलत होता. मग डॉक्टरांनी आत्याचं औषध बदललं तेव्हा एकदा त्याने आपणहून फोन केला आणि आईच्या नव्या गोळ्यांबरोबर कोणतं फळ चालत नाही हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं, तुला माहीत आहे का, असं विचारलं. मुंगी म्हणाली, माहीत नाही, डॉक्टरांनाच विचार. या वेळी दोघंही हसले.

नव्या गोळ्या वेगळ्या जातीच्या होत्या. ठिणग्यांशी त्यांचा संबंध नव्हता. त्या पेशींना कानात काहीतरी सांगून शेजार सोडायला लावतात, असं मुंगीने आत्याला समजावलं. आकडा हळूहळू उतरू लागला. त्यात मुंगीच्या कामाचा काडीचाही वाटा नव्हता. ते औषध दुसऱ्याच कोणी, कुठेतरी लांब, कधीच शोधून ठेवलेलं होतं. मुंगीला याचं जरा वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला. आत्याला तिने हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली की शर्यत कोणी जिंकली यापेक्षा माणूस बुडाला नाही हे महत्त्वाचं.

प्रयोगशाळेत मात्र पुढचा प्रश्न दारात येऊन बसला होता. शेजारणींचं ते दार बंद केलं तर? सांध्यांच्या दुखण्यावर पूर्वीपासून दिलं जाणारं एक औषध ते दार बंद करतं, हे लंबूने कुठूनतरी वाचून काढलं. दोघांनी ते शेजारणींच्या सतरंजीवर घातलं आणि वर कॅन्सरपेशी सोडून नेहमीचं औषध दिलं. शेजार असूनही पेशी मेल्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता, फक्त पानात वाढणारीचा हात धरला होता. बशीत तरी हे असं झालं. बशीबाहेर काय होईल हे बघायला बरीच माणसं, बरीच वर्षं आणि बाईंच्या खुर्चीहून मोठ्या खुर्च्या लागणार होत्या.

आत्याला पेशी बघायच्या होत्या. बाईंनी परवानगी दिली. ती आली त्या सकाळी ऊन खिडकीतून थेट टेबलांवर आलं होतं. तिला पांढरा कोट घातला, तो तिला आखूड झाला. लंबूला बघून ती म्हणाली की तुला लहानपणी कोणी पाण्यात घातलं असतं तर तू बक्षिसं मिळवली असतीस. लंबू लाजला. मुंगीने सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली, भिंग जुळवलं आणि आत्याला स्टुलावर बसवलं.

"या माझ्या आहेत का?"

"माहीत नाही. असतील, नसतील. आम्हाला फक्त नंबर दिसतात."

"कोणाच्याही असोत," आत्या म्हणाली आणि डोळा लावला.

खाली लांबट, पसरलेल्या, एकमेकींत हात गुंफलेल्या शेजारणी होत्या. त्यांच्या अंगाखाली, कडेला, फटींत, लहान गोल चकाकत्या पेशी शिरून बसलेल्या. आत्याने डोळा भिंगाला आणखी चिकटवला. मुंगीला वाटलं तिला राग येईल, किंवा किळस. आजाराला असं समोर बघून लोक काय काय करतात हे तिने ऐकलं होतं.

"किती निवांत बसल्यात गं," आत्या म्हणाली. "आणि या खालच्या बिचाऱ्या. तुम्ही यांचंच दार बंद केलंत?"

"हो. पण त्या जगल्या."

"जगल्या, पण त्या आणखी कोणाकोणाला वाढत असतील ना? चांगल्या रक्ताच्या पेशीही तिथेच असतात म्हणालीस. त्यांचं काय झालं? चोर सोडून संन्याशाला फाशी नाही ना झाली?"

मुंगीने लंबूकडे पाहिलं.  त्यांच्या बशीत चांगल्या रक्ताच्या पेशी कधी घातल्याच नव्हत्या. बाईंनी दोनदा सुचवलं होतं आणि दोनदा ते पुढच्या महिन्यावर गेलं होतं.

"ते बघायचं आहे अजून," ती म्हणाली.

"मग बघा." आत्याने डोळा न हलवता बशी सरकवायचा खटका हाताने शोधला. मुंगीने तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. चित्र डावीकडे सरकलं, नवी पेशी आली, मग आणखी एक.

लंबूला खरं तर सूक्ष्मदर्शक हवा होता. त्याच्या बशा इन्क्युबेटरबाहेर काढून झाल्या होत्या आणि थंड होत होत्या. तो थोडा वेळ उभा राहिला, मग त्याने बशा उचलल्या आणि परत उबेत ठेवून आला. येताना त्याने मुंगीसाठी एक स्टूल ओढत आणलं. मुंगी बसली. आत्या खटका सरकवत राहिली, आणि एखादी पेशी वेगळी दिसली की न बघताच मुंगीच्या बाहीला ओढून विचारत राहिली, ही कोण, आणि ही अशी का.